आधी सीटी स्कॅन, मग बाकीचं बोलू

पत्र :

डॉक्टर, आम्ही औसा तालुक्यातल्या एका गावात राहतो. सासरे (मी त्यांना मामा म्हणते) जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर म्हणून रिटायर झाले. वय ७६. माळकरी माणूस, कसलं व्यसन नाही. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली. दोन-तीन वर्षांपासून मामा तेच तेच विचारतात. जेवून उठले की तासाभरात ‘मला कुणी जेवायला विचारलं का’ म्हणतात. पावकी, निमकीचे पाढे मात्र अजून धडाधड म्हणून दाखवतात. पेन्शनचे पैसे स्वतःच कुठंतरी ठेवतात आणि सुनेनं चोरले म्हणून गल्लीत सांगतात. दिवाळीत न्हाणीत पाय घसरून पडले, डोक्याला टेंगूळ आलं होतं, दोन-चार दिवसांत उतरलं. पण गेल्या महिन्याभरात फारच वाढलंय. दिवसा पेंगतात, चालताना एक पाय ओढतात, मला कधी ओळखतात, कधी नाही. पहाटे चारच्या सुमाराला उठून ‘घर पडतंय, बाहेर या’ म्हणत नातवाला अंगणात ओढत नेतात. गावातल्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, तर अजूनच भ्रमल्यासारखं करतात. शुगरच्या गोळ्या बारा-तेरा वर्षं चालू आहेत, बीपीची मन झालं तर घेतात. ऐकायलाही कमी येतं. नणंदबाई पुण्याला असतात. त्यांच्याशी फोनवर दहा मिनिटं इतकं नीट बोलतात की त्या म्हणतात, अण्णांना काही झालेलं नाही, तुम्हीच नीट बघत नाही. धाकटे दीर म्हणतात, सही करता येतीय तोवर जमिनीचे कागद करून घेऊ. चुलत सासूबाई म्हणतात, बाहेरचं आहे, देवऋष्याकडं न्या. परवा मी मामांवर एवढी ओरडले की रात्रभर मलाच झोप लागली नाही. मी काय करू? आणि हे आमच्या घरात पुढंही येणार का?
– एक सून

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रातल्या बहुतेक गोष्टी पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू शकतात. जमीन थांबेल, नणंदबाई थांबतील, देवऋषी तर थांबलाच पाहिजे. थांबू नये अशी एकच गोष्ट आहे आणि ती तुम्ही जाता जाता लिहून गेलात : दिवाळीत न्हाणीत पडले, टेंगूळ आलं, उतरलं.

वयानं मेंदू थोडा आक्रसतो. मेंदू आणि त्याच्यावरचं आवरण यांच्यामधल्या बारीक शिरा त्यामुळे ताणलेल्या राहतात. साध्या आपटण्यानंही त्यातली एखादी फुटते आणि रक्त इतकं हळू झिरपतं की त्या दिवशी माणूस उठतो, चहा पितो, कामाला लागतो. दाब जाणवायला आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिने. मग पेंग येते, एका बाजूचा हात किंवा पाय मागे पडतो, डोकं दुखतं, माणूस सकाळी शुद्धीवर असतो आणि दुपारी बरळतो. तुम्ही लिहिलेलं यात बरंचसं बसतं. हेच झालंय असं मी इथं बसून म्हणत नाही, तो लहानसा लकवाही असू शकतो. पण दोन्हींसाठी करायचं एकच, डोक्याचा सीटी स्कॅन. पाच-दहा मिनिटांचं काम. रक्त साकळलेलं निघालं तर कवटीला छोटं छिद्र पाडून ते काढता येतं, आणि त्यानंतर कितीतरी म्हातारी माणसं पुन्हा चालती-बोलती होतात. म्हणून हे पत्र वाचून झालं की उद्या सकाळची लातूरची एसटी धरा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिथल्या डॉक्टरांना ती आधी सांगा. आणि उद्याच्या आत उलट्या सुरू झाल्या, झटका आला, हात लुळा पडला किंवा हलवूनही जागे होईनात, तर एसटीची वाट न बघता १०८ ला फोन करा.

एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा, पुढची कितीतरी वर्षं उपयोगी पडेल. स्मृतिभ्रंश सहसा महिन्याभरात अशी उडी मारत नाही. तो वर्षावर्षानं वाढतो. हळू वाढणारा आजार अचानक वाढला, तर त्याच्यावर दुसरं काहीतरी येऊन बसलंय असंच धरायचं आणि ते शोधायचं. लघवीला जंतू झाले, ताप आला, बद्धकोष्ठ झाला, उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, अंगातलं मीठ घटलं, एवढ्यानंही म्हातारं माणूस दोन दिवसांत ओळखू न येण्याइतकं बदलतं. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात हे फार दिसतं. आजोबांना तहान जाणवत नाही आणि घरचे म्हणतात, आता वयच झालं.

लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन आणि मानसोपचार, दोन्ही विभाग आहेत. स्कॅन झाला की दोन्हीकडं दाखवा. (बीडकडच्या वाचकांना अंबाजोगाई, नांदेडकडच्यांना विष्णुपुरी, संभाजीनगर-जालन्याला घाटी.) ७० वर्षांवरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान कार्ड मिळतं, २०२४ च्या ऑक्टोबरपासून. मात्र ते दवाखान्यात भरती झाल्यावर चालतं, ओपीडीतल्या गोळ्यांना नाही.

जाताना मामांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. चिठ्ठ्या नकोत, गोळ्याच न्या. सर्दीच्या, खाजेच्या, पोटाच्या, कुणी उसन्या दिलेल्या, सगळ्या. शुगरसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की काहींच्या अंगात बी-१२ जीवनसत्त्व मुरत नाही. त्यात मामा माळकरी, म्हणजे मटण-अंडी नाहीच, दूध-दही पोटात जाईल तेवढंच. बी-१२ कमी पडलं की विसरभोळेपणा येतो, पायाला मुंग्या येतात, तोल जातो, आणि हे इंजेक्शनांनी भरून निघू शकतं. म्हणून रक्तात बी-१२, थायरॉइड, सोडियम, किडनी आणि शुगर बघायला सांगा, लघवीही तपासा.

आता ती झोपेची गोळी. या वयात झोपेच्या बऱ्याच गोळ्या मेंदूला गुंगवतात, तोल घालवतात, आणि माणूस पुन्हा पडतो. सर्दीच्या गोळ्याही काही कमी नाहीत. त्यातल्या काहींनी धड माणूसही म्हातारपणी बावचळतो. पण गोळी मनानं एकदम तोडू नका. किती दिवस चालू आहे ते सांगा आणि कमी कशी करायची ते डॉक्टरांना ठरवू द्या.

शुगरच्या गोळ्या मामा स्वतःच्या हातानं घेतात का? तसं असेल तर आजपासून ते काम तुमच्या मालकांकडं द्या. जेवलेलं आठवत नाही तो माणूस गोळी दोनदा घेऊ शकतो, आणि गोळी घेऊन जेवायचा राहू शकतो. मेटफॉर्मिनसोबत दुसरी एखादी जोरदार गोळी असेल तर पहाटे शुगर उतरून माणूस घाबराघुबरा उठतो. पहाटे चारच्या त्या गडबडीत एकदा ग्लुकोमीटर लावून आकडा बघा. ७० च्या खाली असेल तर आधी साखरपाणी, आणि मग गोळी बदलून घ्यायची.

हे सगळं निस्तरल्यावर जे उरेल ते बहुधा स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया असेल, कारण दोन-तीन वर्षांची गोष्ट तुम्ही लिहिली आहेच. फाइलवर ‘मेजर न्यूरोकॉग्निटिव्ह डिसऑर्डर’ असं लिहून आलं तर नवीनच काही निघालं म्हणून घाबरू नका. २०१३ पासून मानसोपचाराच्या पुस्तकांत त्याच आजाराला ते नाव आहे. डिमेन्शिया हा एक रोग नव्हे. मेंदूचे निरनिराळे आजार त्या एका दाराशी येतात. सगळ्यात जास्त अल्झायमरचे. त्यात मेंदूत नको ती प्रथिनं साचतात आणि पेशी मरत जातात. जर्मनीत आलॉइस अल्झायमर या डॉक्टरांनी १९०६ साली हे पहिल्यांदा मांडलं. त्याच्या खालोखाल रक्तवाहिन्यांचा, बीपी आणि शुगरनं मेंदूतल्या बारीक नळ्या खराब होऊन होणारा. तो पायरीपायरीनं उतरतो. मामांच्या वयात बहुतेकदा दोन्हींची भेसळच असते, त्यामुळे बीपीची गोळी ‘मन झालं तर’ हे बंद. देशात ६० वर्षांवरचे सुमारे ८८ लाख लोक यात असावेत असा २०२३ साली छापून आलेल्या पाहणीचा अंदाज आहे. शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त निघालं. म्हणजे तुमच्या गावात मामा एकटे नाहीत. बाकीच्यांना गाव ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देतं एवढंच.

पावकी-निमकी धडाधड येते आणि सकाळचं जेवण आठवत नाही, यावरूनच लोकांना वाटतं की म्हातारा नाटक करतोय. अल्झायमरमध्ये सुरुवातीलाच मार बसतो तो नवीन गोष्ट टिपून ठेवणाऱ्या भागाला. शाळेच्या हजेरीपटासारखं समजा : जुनी पानं शाबूत आहेत, आजच्या पानावर शाईच उठत नाही. त्यामुळे ‘अहो, आत्ता तर जेवलात, आठवत नाही का’ या वाक्याचा काही उपयोग नाही. आठवायला तिथं काही लिहिलेलंच नाही. तुम्ही खोटं बोलताय एवढंच त्यांना कळतं, आणि रागही येतो. त्यापेक्षा ‘भाकरी टाकतेय, तोवर हे शेंगदाणे खा’ म्हणा. पोट भरलेलं असतं, ते चार दाणे खातात आणि विसरतात. एका वेळचं जेवण थोडं कमी वाढून उरलेलं दोन वेळांना विभागलं तरी चालतं.

चोरीच्या आळाचं कोडंही इथंच सुटतं. पैसे ठेवल्याचं त्यांना आठवत नाही, पैसे जागेवर नाहीत हे मात्र दिसतं. मधली जागा मेंदू कुठल्यातरी गोष्टीनं भरून काढतो, आणि सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे कुणीतरी घेतले. कुणी? जो सारखा खोलीत येतो त्यानं. अंथरूण काढणारी, कपडे बदलणारी, औषध देणारी. नणंदबाईंवर आळ येत नाही, कारण त्या तिथं नसतातच. जी सर्वात जास्त करते तिच्यावरच हा आळ येतो, हे मी घरोघरी पाहिलंय. तुमच्या वागण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. ‘मी नाही घेतले’ असं शपथेवर सांगू नका. त्यांना ते भांडण वाटेल. ‘पैसे गेले? थांबा मामा, दोघं मिळून बघू’ म्हणा आणि खरंच बघा. लपवायच्या जागा ठरलेल्या असतात : गादीची खोळ, ज्ञानेश्वरीची पानं, कणगीमागं, जुना बूट. दहा-वीसच्या नोटा घालून एक पिशवी त्यांच्या उशाशी राहू द्या. मास्तरांच्या हाताला पैशाची सवय आहे, ती एकदम काढून घेतली की संशय वाढतो. पेन्शनचं एटीएम कार्ड मात्र घरातल्या कपाटात. ७० वर्षांवरच्या खातेदारांना घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना रांगेत उभं करायच्या आधी शाखेत विचारा. आणि गल्लीत चार घरी स्पष्ट सांगा की मामांना मेंदूचा आजार आहे. लपवून ठेवलं तर गल्लीला त्यांचंच खरं वाटणार.

आता पहाटेचं. तुम्ही औसा तालुक्यातल्या, म्हणजे ‘घर पडतंय, बाहेर या’ हे कुठून येतंय ते मी तुम्हाला सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशीची अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून माणसं उशिरा झोपलेली, आणि पहाटे चारला काही मिनिटं असताना किल्लारीचा भूकंप. मामा तेव्हा चाळिशीतले मास्तर. त्यांच्या ओळखीची, कदाचित वर्गातली किती पोरं गेली, हे त्यांनी घरात कधी बोलून दाखवलं होतं का? त्या पिढीतल्या कितीतरी माणसांनी नाही दाखवलं. आता अलीकडची पानं गळून ते पान वर आलंय, आणि त्या वेळी एखाद्या मास्तरानं जे केलं असतं तेच ते करताहेत : पोरांना आधी बाहेर काढताहेत.

म्हणून ‘भूकंप होऊन तीस वर्षं झाली, झोपा’ म्हणू नका. शुगर बघा, लघवीला लागलीय का विचारा, आणि बाहेर चला म्हणतात तर जा. अंगणात एक खुर्ची नि घोंगडी रात्रीच काढून ठेवा. बसवा आणि घरातल्यांची नावं एकेक करून घ्या, हजेरीसारखी. तुमच्या मालकांनी ‘हजर’ म्हणावं, तुम्ही म्हणावं. ‘सगळे आहेत, गुरुजी. कुणी आत नाही.’ यात खोटं काही नाही. सगळे खरंच आहेत. पाच-सात मिनिटांत धाप बसते, मग घोटभर पाणी पाजून आत न्या. नातवाला त्यांच्या खोलीत झोपवू नका आणि त्याला दिवसा नीट समजावून सांगा की आजोबांना स्वप्न आणि खरं यातला फरक कधीकधी कळत नाही. पोरं मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात.

एक गोष्ट तेवढी नीट बघा. मामा झोपेतच, डोळे मिटलेले असताना ओरडतात, हातपाय झाडतात का? घरात नसलेली लहान पोरं किंवा जनावरं दिसतात असं म्हणतात का? चाल ताठर, सावकाश झालीय का? असं असेल तर ते लेवी बॉडी नावाच्या प्रकारात बसू शकतं, आणि त्या माणसांना हॅलोपेरिडॉलसारखी शांत करायची औषधं भयंकर बाधतात. कुणीही ‘जरा शांत करायचं इंजेक्शन देतो’ म्हणालं तर आधी हे सांगा.

औषधांकडून फार आशा ठेवू नका, पण ती सोडूही नका. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधं आजार थांबवत नाहीत. काहींना काही महिने, कधी त्याहून जास्त, थोडं सावरून धरतात. डोनेपेझिलनं मळमळ, जुलाब होऊ शकतात, नाडी मंदावू शकते, तेव्हा चक्कर आली तर कळवा. स्मृती परत आणून देणारी पावडर, काढा, तेल कुणी हजारो रुपयांना देऊ लागलं तर घेऊ नका. चुलत सासूबाईंचं मन राखायला मारुतीला नारळ फोडा, हरकत नाही. पण धुरी, उपाशी ठेवणं, मारझोड, चालू गोळ्या बंद करणं यातलं काही सांगणाऱ्याच्या दारात मामांना उभं करू नका.

गोळ्यांपेक्षा जास्त काम दिवसाची घडी करते. उठणं, अंघोळ, जेवण रोज त्याच वेळी. दिवे लागायच्या वेळी अशी माणसं जास्त अस्वस्थ होतात, ‘मला घरी जायचंय’ म्हणतात, स्वतःच्याच घरात बसून. तुमच्याकडं त्या वेळेला तयार उपाय आहे, हरिपाठ. दिवे उजेडाचे लावा, सावल्या पडू देऊ नका, टाळ हातात द्या. सुनेचं नाव विसरलेला माणूस अभंग शेवटपर्यंत म्हणतो, कारण चालीतलं, तोंडात बसलेलं फार उशिरापर्यंत टिकतं. सकाळी एक वही आणि लाल पेन द्या, उजळणी लिहू द्या, तुरीच्या शेंगा सोलायला द्या. नीट सोलल्या नाहीत तर तुम्ही नंतर सोला, त्यांच्यासमोर नको. कानाचं मशीन लावता आलं तर बघा. ऐकू येत नसलेल्या माणसाला घरातलं प्रत्येक कुजबुजणं स्वतःबद्दलचं वाटतं. वारीला, जत्रेला मात्र आता नको.

शेतकऱ्याच्या घरात एक धोका असतो जो शहरातल्या माहितीपुस्तकात छापत नाहीत : फवारणीचं औषध. कोनाड्यात, पलंगाखाली, पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलेलं. आजच गोठ्यातल्या पेटीत कुलूप लावून ठेवा. विहिरीला जाळी किंवा कठडा, मोटारसायकलची किल्ली खिळ्यावर नको, न्हाणीत खरखरीत फरशी आणि धरायला पाइप, रात्री तिथं दिवा. दाराला वरच्या बाजूला कडी, जिथं त्यांचं लक्ष जात नाही. सदऱ्याच्या आतून तुमच्या मालकांचा मोबाइल नंबर शिवून टाका. स्टँडवरच्या रसवंतीवाल्याला, किराणावाल्याला, रिक्षावाल्याला सांगून ठेवा : गुरुजी एकटे दिसले तर चहा पाजून बसवा आणि फोन करा. गावात गुरुजींचे विद्यार्थी असतात, हे एक बरं आहे.

नणंदबाईंचं. दहा मिनिटांच्या फोनला नवी आठवण लागत नाही. ‘बरं आहे, पाऊसपाणी ठीक, पोरं अभ्यास करतात का’ ही वाक्यं मास्तरांनी जन्मभर वापरली आहेत, ती आपोआप येतात. शिकलेला माणूस तर आणखी बराच काळ झाकून नेतो. त्यांना सांगा, फोनवर विचारून बघा की दुपारी काय खाल्लं, काल घरी कोण आलं होतं, आणि त्याची उत्तरं आम्हाला कळवा. त्यांना दुखावण्यासाठी व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, त्यात मामांची अब्रू जाते. त्याहून सोपा इलाज आहे. स्कॅन वगैरे उरकून मामा स्थिर झाले की नणंदबाईंना आठ दिवस राहायला बोलवा आणि तुम्ही माहेरी जा. सोबत नव्हे, त्यांच्यावर सोपवून. आठ दिवसांनी हा विषय तुम्हाला काढावा लागणार नाही. त्यानंतर वर्षातून ठरलेले दिवस त्यांचे, ठरलेला खर्च दिरांचा, हे तुमच्या मालकांनी बसून बोलायचं आहे, तुम्ही नाही. जन्मदाते त्यांचे आहेत.

तुम्ही ओरडलात. रात्रीची झोप नाही, दिवसभर आळ, वर पुण्याहून शेरे, यात कुणीही ओरडेल. मामा ते विसरले असतील, पण आवाजाचा धाक मात्र अंगात राहतो. पुढच्या वेळी तसं होतंय असं वाटलं की त्यांना सुरक्षित बसवा आणि गोठ्यापर्यंत चालून या. आठवड्यातून एक रात्र मामांच्या खोलीत तुमच्या मालकांनी झोपायचं, तुम्ही नाही. सारखं रडू येतंय, जगणं नकोसं वाटतंय असं झालं तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मराठीतून बोलतात, पैसे लागत नाहीत. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ आहे.

दिरांना एवढंच सांगा की घाई त्यांच्याच अंगाशी येईल. नुसतं निदान झालं म्हणून माणसाचा सहीचा अधिकार जात नाही. आजार सुरुवातीचा असेल आणि आपण काय करतोय हे त्या वेळी त्यांना कळत असेल, तर मामा मृत्युपत्र करू शकतात, सोबत डॉक्टरांचा दाखला असलेला बरा. पण आत्ता, सुनेला ओळखतील की नाही याचा भरवसा नसताना दुय्यम निबंधकापुढं नेऊन घेतलेली सही उद्या कोर्टात टिकणं अवघड. मुखत्यारपत्राचंही तसंच, देणाऱ्याची समज गेली की ते संपतं. आणि सांभाळण्याच्या अटीवर जमीन लिहून घेऊन नंतर सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. सल्ला लागला तर लातूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. बाईमाणसाला तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज तुमच्या नावानं करा.

राहिला शेवटचा प्रश्न, पुढं घरात येईल का. साठीच्या आत सुरू होणारे काही विरळ प्रकार रक्तातून थेट उतरतात. मामांसारखा सत्तरीत सुरू झालेला बहुधा तसा नसतो. मुलांना धोका थोडा जास्त, पण नक्की असं काही नाही. आणि तो बराचसा हातात आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ साली १४ कारणं मांडली. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखूचा धूर, दारू, डोक्याला मार, कमी ऐकू येणं, नजर कमी होणं, एकटेपणा अशी; ती सगळी आवरली तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो असा त्यांचा हिशेब आहे. त्यातलं डोक्याला मार म्हणजे मोटारसायकलवर हेल्मेट. तेव्हा उद्या मामांना घेऊन लातूरला जाल तेव्हा त्याच खिडकीवर तुमच्या मालकांचा केसपेपर काढा आणि त्यांचं बीपी-शुगर बघून घ्या. तुमचंही.